स्लोवर न थांबणारी गाडी

जुन्या गाडीचा दोष पळताना झाकून जातो. व्हरायटी चौकात सिग्नल लागतो, ॲक्सिलरेटरवरून पाय उठतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. इंजिन चढतं, उतरतं आणि हिरवा दिवा लागायच्या आत बंद पडतं. गेल्या चाळीसेक वर्षांत नागपूरच्या रस्त्यांवरच्या गाड्या बदलल्या, पेट्रोल बदललं, दोष शोधायची साधनंही बदलली. एक वाईट सवय मात्र टिकून आहे. गाडी स्लोवर, म्हणजे पाय उचलल्यावरच्या मंद फेऱ्यांवर, राहत नाही म्हटलं की आधी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून रेस वाढवायची. त्याने गाडी बंद पडत नाही, पण दोष तसाच आत राहतो आणि पेट्रोल जळत राहतं.

आधी राज्य होतं ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचं, दोन्ही चार सिलिंडरच्या. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. चार सिलिंडरची सवय झालेल्यांना ती उभ्या उभ्या थरथरते असं वाटायचं, आणि ते खरंच होतं. तीन सिलिंडरचं इंजिन स्लोवर थोडं हलतंच. म्हणून आधी ठरवावं लागतं की ही थरथर इंजिनाच्या घडणीतली आहे की बिघाडाची. आवाज एकसारखा आहे आणि नुसती बॉडी हलते, तर माउंटिंगचं रबर बसलेलं असण्याची शक्यता जास्त. कार्बोरेटर उघडायचं कारण नाही. आवाज ठरावीक ठेक्यात तुटतो, तर एखादा सिलिंडर मिस मारतोय. चढ-उतार होतो, तर हवा-पेट्रोलचं गणित बिघडलंय. एवढा फरक कानाने ओळखणारा मिस्त्री भेटला की अर्धं काम झालं.

घाट रोडकडच्या एका गॅरेजमध्ये अशाच एका कार्बोरेटरवाल्या ८००ची तपासणी जवळून पाहिली. मिस्त्रीने पाना उचललाच नाही. आधी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धूर कसा येतोय ते बघितलं. मग जाड रबरी कापड हातात घेऊन इंजिन सुरू असतानाच प्लगची एकेक टोपी काढली. पहिली काढली, इंजिन बसलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर आवाजात काही फरकच नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर स्लोवर आधीपासूनच काम करत नव्हता. प्लग खोलला तर पांढरट. काळा काजळलेला असता तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पांढरट म्हणजे हवा जास्त. मग त्याने इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कडेने साबणाचं पाणी सोडलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी ते आत ओढलं गेलं आणि क्षणभर इंजिन सरळ चाललं. ‘‘भाऊ, गाडी हवा खाऊन राह्यली,’’ तो मालकाला म्हणाला, ‘‘स्क्रूले हात नका लावू.’’ गॅस्केट बदललं, गाडी शांत झाली. रेस वाढवून ती परत पाठवली असती, तर तो सिलिंडर पुढेही तसाच गरम चालत राहिला असता.

पीयूसी सक्तीची झाल्यावर आणखी एक दोष माणसांनीच निर्माण केला. जुन्या पेट्रोल गाडीची ही चाचणी ती स्लोवर ठेवूनच होते. तिला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के. आकडा खाली यावा म्हणून मिक्श्चरचा स्क्रू आवळला जायचा, कागद हातात पडायचा आणि घरी जाताना गाडी चौकाचौकात बंद पडायची.

नागपूरच्या उन्हाचा हिशेब वेगळाच. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. कार्बोरेटरच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. गाडी उन्हात तासभर उभी राहिली की नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि सुरू झालेली गाडी स्लोवर आचके देते. पंपावर ओलं फडकं टाकणं हा उपाय ॲम्बेसेडरवाल्यांनी पुढच्या पिढीला दिला. सकाळी ठणठणीत, दुपारी आजारी, थंड झाली की पुन्हा ठीक, असं असेल तर कार्बोरेटर खोलण्यात अर्थ नाही.

२०००च्या सुमारास कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय ही पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि स्क्रू पिळायची सोयच जवळपास संपली. अशा सुरुवातीच्या गाड्यांत स्लो सांभाळतो एक छोटा व्हॉल्व्ह, आणि त्याला हुकूम देतो इंजिनाचा कॉम्प्युटर, ईसीएम. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की तोच चढ-उतार दिसतो. भारत स्टेज ४ चे नियम २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत आले, त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. इथे ते २०१७ पर्यंत पोहोचले. त्या नियमांनी गाडीत दोषाचा कोड देणारी यंत्रणा सक्तीची केली. तो कोड वाचणारा स्कॅनर मोठ्या कामाचा आहे, पण मिश्रण पातळ असल्याचा कोड आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलणं हे स्क्रू पिळण्याचंच महागडं रूप आहे. फाटलेली व्हॅक्यूम नळीसुद्धा तोच कोड देते. आणि टोपी काढून बघायची जुनी पद्धत इथे जपून वापरावी. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं.

सध्याचा प्रश्न इथेनॉलचा. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि हे धोरण हिरिरीने मांडणारे नितीन गडकरी याच शहराचे खासदार. धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पण कार्बोरेटरला पेट्रोलमध्ये काय मिसळलंय ते कळत नाही. इथेनॉलसोबत येणाऱ्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ होतं आणि स्लो डळमळतो. जुनं रबर फुगतं, कडक होतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अशी ८०० बाहेर काढणाऱ्याने आधी टाकीतलं जुनं पेट्रोल उपसावं, इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम तपासून गरज असेल तर इथेनॉल सोसणारे घालावेत, फिल्टर बदलावा. मिक्श्चरच्या स्क्रूची पाळी त्यानंतर, इंजिन पूर्ण तापल्यावर.