तारेची पकड : विजेच्या खांबावरील एका वस्तूच्या नावासंबंधी

यवतमाळहून दारव्ह्याकडे किंवा पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोहों बाजूंस कपाशीच्या वावरांतून विजेच्या खांबांची रांग गेलेली दिसते. ह्या खांबांवर लोखंडाच्या वा अॅल्युमिनियमच्या ज्या लहानमोठ्या धरण्या बसविलेल्या असतात, त्या सर्वांना लाइनवर काम करणारी माणसे 'क्लॅम्प' असे एकच नाव देतात. वस्तुतः त्या एक नव्हेत. खांबाला वेढा घालून आडवा लोखंडी हात जागेवर ठेवणारी पट्टी हा एक क्लॅम्प. गावातील कमी दाबाच्या वाहिनीवर चिनी मातीच्या बसक्या रिळाला दोन बाजूंनी कवेत घेऊन ते खांबाशी बांधून टाकणारी इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची पट्टी, हा दुसरा. अकरा किलोव्होल्टच्या वाहिनीवर जेथे तार संपते किंवा वळण घेते, तेथे चिनी मातीच्या तबकडीच्या टोकाला तार घट्ट आवळून धरणारा, तो तिसरा. आणि दोन तारा शेजारी शेजारी खाचांत बसवून बोल्टांनी दाबणारा व वीज एकीतून दुसरीत नेणारा, तो चौथा. पहिला लोखंडाला लोखंड धरतो, दुसरा लोखंडाला माती, तिसरा मातीला तार आणि चौथा तारेला तार. एवढा भेद असताना चौघांचे नाव एक, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य विषय ह्यांपैकी तिसरा क्लॅम्प, म्हणजे तार आणि विद्युत्‌रोधक ह्यांचा सांधा होय. त्याचे कार्य समजल्याखेरीज त्याच्या नावाचा विचार करणे व्यर्थ आहे.

सरळ रांगेतील खांबावर तार चिनी मातीच्या उभ्या रोधकाच्या डोक्यावरील खाचेत नुसती टेकलेली असते आणि मऊ तारेचे वेढे देऊन ती तेथे बांधलेली असते. तेथे क्लॅम्प नसतो. तारेचा ताण दोन्हीकडून सारखा असल्यामुळे बांधणे पुरते. परंतु वाहिनीच्या शेवटच्या खांबावर सगळा ताण एकाच बाजूने येतो. तेथे वेढ्यांचा निभाव लागत नाही. म्हणून तार एका नौकाकृती खोबणीत घालून वरून दाबपट्टी व बोल्ट ह्यांनी जखडतात. ह्या जखडण्यात दोन परस्परविरोधी गरजा सांभाळाव्या लागतात. सैल आवळले तर तार निसटते. फार आवळले तर अॅल्युमिनियमचे मऊ पदर चेपतात आणि पुढे तेथेच तुटतात. शिवाय तारेची जाडी आणि क्लॅम्पची खोबण ह्यांचे माप जुळले पाहिजे. अकरा किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर ज्या पोलादगर्भ अॅल्युमिनियम तारा वापरतात, त्यांची नावे ब्रिटिश प्रमाणपद्धतीतून आली असून ती प्राण्यांची आहेत : 'वीझल', 'रॅबिट' आणि 'डॉग'. त्यांचे व्यास अनुक्रमे ७.७७, १०.०५ आणि १४.१५ मिलिमीटर. वीझल म्हणजे मुंगसासारखा एक लहान युरोपीय प्राणी. तो कोणी पाहिलेला नसला तरी वीजसामानाच्या कोठारात त्याचे नाव बिनदिक्कत घेतले जाते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

ह्या जिल्ह्याचे हवामान सांध्याची परीक्षा पाहणारे आहे. हिवाळ्यातील पहाटेचा गारवा आणि वैशाखातील पंचेचाळीस अंशांच्या घरातली दुपार ह्यांमध्ये उन्हात तापलेल्या तारेच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. दोन खांबांमधील गाळा ६० मीटरांचा धरला, तर एवढ्या फरकाने तारेची लांबी सुमारे साडेचार सेंटीमीटर वाढते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु तारेचा झोल लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. ताण उतरल्यामुळे तार किंचित आखडते, तो भाग वजा घालूनही उन्हाळ्यातील झोल डोळ्यांना स्पष्ट दिसतो. भारतीय वीज नियम, १९५६ ह्यांत रस्त्याव्यतिरिक्त इतरत्र अकरा किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची ४.६ मीटर ठरविलेली होती. वैरणीने किंवा कापसाने उंच भरलेल्या गाडीच्या दृष्टीने ह्या अंतरातील प्रत्येक वीत महत्त्वाची असते. उलट हिवाळ्यात तार आखडली की ताण वाढतो, आणि तो सगळा शेवटच्या खांबावरील त्या सांध्याला सोसावा लागतो. त्यातच संथ, एकसारख्या वाऱ्याने तारेत बारीक कंप उत्पन्न होतो. हा कंप जेथे अडतो, म्हणजे क्लॅम्पच्या तोंडाशी, तेथे तारेचे पदर कालांतराने शिणतात. म्हणूनच त्याचे तोंड धारदार न ठेवता कर्ण्यासारखे बाहेर उमललेले ठेवतात.

आता नावाकडे वळावयास हरकत नाही. तारेला धरणाऱ्या वस्तूच्या नावाआधी ती जिला धरली जाते त्या वस्तूचे नाव तरी निश्चित आहे काय, हे पाहिले पाहिजे. आणि ते नाही. शालेय पुस्तकांत 'विसंवाहक' व 'दुर्वाहक' हे शब्द येतात. मराठी विश्वकोशाच्या विद्युत्‌विषयक नोंदींत 'निरोधक' आणि 'निरोधन' आढळतात. इतरत्र 'विद्युत्‌रोधक' लिहितात. वर तोच शब्द घेतला आहे. 'रोधक' एवढेच म्हणावे तर अडचण अशी की, वीज-प्रवाहाला होणाऱ्या विरोधाला शास्त्रीय मराठीत 'रोध' म्हणतात. त्यामुळे 'रोधक' म्हणजे प्रवाह कमी करणारा की मुळीच न जाऊ देणारा, हा संशय उरतो. 'निरोधक' ह्या दृष्टीने अधिक नेमका होता. परंतु १९६८ पासून कुटुंबनियोजनाच्या प्रचारामुळे 'निरोध' शब्दाला जो लौकिक अर्थ चिकटला, त्यानंतर वायरमनांच्या वर्गात तो शब्द गंभीरपणे उच्चारणे कोणाही शिक्षकाला अवघडच होय. शब्दांच्या नशिबी असे अपघात येतात आणि परिभाषा-मंडळांना ते आधी कळत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्याला ह्या बाबतीत एक विशेष इतिहास आहे. वऱ्हाडचा हा भाग १९५६ पर्यंत नागपूरच्या शासनाखाली होता. त्या काळी डॉ. रघुवीर ह्यांनी नागपुरास इंग्रजी पारिभाषिक शब्दांना संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय ह्यांच्या आधारे प्रतिशब्द देण्याचा प्रचंड उद्योग मांडला होता. एकाच धातूपासून सुसंगत शब्दकुळी निर्माण करावी आणि ती सर्व भारतीय भाषांना समान असावी, हे त्यांचे सूत्र. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी महाराष्ट्राचे भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळही अस्तित्वात आले. म्हणजे कार्यालयातील परिभाषा बदलत असतानाच गावोगाव खांब उभे राहू लागले. खांबाबरोबर शब्द आले ते मात्र कोणत्याही कोशातून आले नाहीत. ते सामानाच्या पेटीवरून आणि मुकादमाच्या तोंडून आले.

रघुवीरांची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळ झाली. त्यांच्या पद्धतीचा खरा दोष शब्दांच्या लांबीत नव्हता. त्यांचा शब्द व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असे. परंतु तो कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी आणि किती मोठ्याने उच्चारला जावयाचा आहे, ह्याचा विचार त्यात नसे. ग्रंथातील शब्द आणि खांबावरून खाली ओरडून सांगावयाचा शब्द ह्यांची लक्षणे भिन्न असणारच.

लोकांनी घडविलेल्या शब्दांचेही काही कमी नवल नाही. ग्रामीण महाराष्ट्रात रोहित्राला 'डीपी' म्हणतात. मुळात ही दोन अक्षरे रोहित्राची नव्हेत. परंतु आज 'डीपी जळाली' म्हणजे रोहित्र जळाले, ह्याविषयी कोणाच्या मनात शंका नसते, आणि शब्दाचे स्त्रीलिंगही पक्के झाले आहे. विदर्भात वीज जाते तेव्हा 'लाइन' जाते. पश्चिम महाराष्ट्रात 'लाइट' जाते. खांबाला तिरपी आधार देणारी तार ही 'ताण'. 'वॉशर'चा 'वायसर' होऊन तो इतका मुरला की त्याचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. 'गाळा' आणि 'झोल' हे तर जुनेच शब्द. पहिला घराच्या बांधणीतून आला, दुसरा सैल दोरीवरून. वऱ्हाडी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येत असल्याने (डोळा–डोया, काळा–काया) 'गाळा' तेथे 'गाया' होण्यास मोकळा आहे, तर 'झोल' जसाच्या तसा टिकतो.

ह्या सर्व शब्दांत एक विशेष रोचक, तो 'आकडा'. उघड्या तारेवर वायरचे वाकविलेले टोक फेकून चोरून वीज घेणे म्हणजे 'आकडा टाकणे'. हाही तारेला धरणारा एक प्रकार, फक्त त्याला रोधक नाही, खोबण नाही आणि बोल्ट नाही; तार आणि माणूस ह्यांच्यामध्ये काहीच नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १३५ व्या कलमाने तो गुन्हा ठरतो. पण भाषेच्या अंगाने पाहिले तर चोरीच्या साधनाला चोख मराठी नाव मिळाले आणि अधिकृत साधनाला मिळाले नाही, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. तिचे कारणही फार दूर नाही. आकडा लोकांनी स्वतः केला, म्हणून त्याला नावही त्यांनीच दिले. क्लॅम्प तयार मिळाला, त्याच्याबरोबर नावही तयार आले.

मग 'क्लॅम्प'ला मराठी शब्द शोधावा काय? शोधावयाचा तर कोठे, हा प्रश्न आहे. 'चिमटा' सुचतो, परंतु चिमटा म्हटले की क्षणभर धरून सोडणारे साधन डोळ्यांपुढे येते. 'शिकंजा' फारसीतून आलेला, दाबून धरण्याचा अर्थ असलेला शब्द आहे. पण मुळात तो छळाच्या यंत्राचा वाचक, आणि आज त्यावर हिंदी वृत्तपत्रांची छाप आहे. 'पकड' हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. मात्र वायरमनच्या पट्ट्याला जे हत्यार लटकत असते, त्याचे नाव 'पक्कड'. दोन शब्दांत फरक केवळ एका द्वित्ताचा. वारा असताना आठ मीटर उंचीवरून 'पकड दे' अशी हाक आली, तर खालच्या मदतनिसाने काय वर पाठवावे? 'ताणपकड' असा समास केला तर हा दोष बऱ्याच अंशी निघून जातो, आणि तारेला तार जोडणाऱ्या चौथ्या वस्तूला 'जोडपकड' म्हणता येते. पहिल्याला 'खांबपट्टा' पुरेल. राहता राहिला तो 'डी क्लॅम्प'. ज्याला रोमन अक्षरे येत नाहीत तोही त्याला 'डी'च म्हणतो, आणि त्याच्या मनात ते अक्षर नसून एक आकार असतो. ते नाव बदलण्याचे काही प्रयोजन दिसत नाही.

हे समास सुचविताना शेतीच्या अवजारांकडे पाहणे उपयुक्त ठरते. बैल जुंपताना जू, शिवळ आणि जोते अशा तीन वस्तू लागतात आणि तिघींना तीन नावे आहेत. 'बैल धरण्याचे साधन' असा एक सामान्य शब्द मराठीने कधी केला नाही. बांधणे, आवळणे, कसणे, जखडणे, अडकविणे, टांगणे, जुंपणे ह्या क्रियांमधील छटाही भाषेने जपल्या आहेत. परिभाषाकार बहुधा नामाला नाम शोधीत बसतो. मराठीचे धन ह्या क्षेत्रात क्रियापदांत साठलेले आहे. 'तार कसा' आणि 'तार बांधा' ह्यांतील फरक कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला सांगावा लागत नाही, आणि नेमका तोच फरक शेवटच्या खांबावरील व सरळ रांगेतील खांबावरील सांध्यांत आहे.

परंतु क्रियापदांचे हे धन एके ठिकाणी घातक ठरू शकते, आणि परिभाषेच्या चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते क्रियापद म्हणजे 'सोडणे'. मराठीत पाटाला पाणी सोडतात, त्याच न्यायाने वाहिनीत वीज 'सोडतात'. रानडुकरांसाठी कुंपणात 'करंट सोडला' आणि त्यात माणूस दगावला, अशा बातम्या विदर्भात वरचेवर वाचावयास मिळतात, तेथेही क्रियापद हेच. आता 'तार सोड' म्हणजे धरलेली तार हातातून जाऊ दे; 'लाइन सोड' म्हणजे तिच्यात वीज येऊ दे. वाहिनी ह्या अर्थी 'तार' आणि 'लाइन' हे शब्द एकमेकांच्या जागी नित्य येतात. खांबावरचा माणूस क्लॅम्पमधून तार मोकळी करण्यासाठी जे म्हणेल, तेच दूरध्वनीवरून उपकेंद्रात ऐकणाऱ्याला नेमके उलट कळू शकते. लेखी परवाना घेतल्यावाचून वाहिनीवर चढू नये आणि तो परत केल्यावाचून वीज चालू करू नये, हा नियम ह्याच प्रकारच्या संदिग्धतेवरचा उपाय आहे. तो तोंडी भाषेवर विश्वास ठेवीत नाही. 'लाइन बंद आहे' हे वाक्यही असेच. ती कोणी मुद्दाम बंद केली आहे, की आपोआप बंद पडली आहे, हे त्यातून कळत नाही. आणि आपोआप बंद पडलेली लाइन केव्हाही चालू होऊ शकते.

ह्यामुळेच जाणती माणसे वीज देण्याला 'लाइन चार्ज करणे' असे म्हणतात. मराठीच्या कैवाऱ्यांना हे रुचणार नाही. 'चार्ज' शब्दाला मराठीत दुसरे अर्थ नाहीत असे नाही : अधिकारी 'चार्ज' घेतो, मोबाइलही 'चार्ज' होतो. पण तार हातातून मोकळी करणे हा त्याचा अर्थ कोणीही करीत नाही. 'सोडणे' ऐवजी 'भारित करणे' असा प्रतिशब्द देता येईल, आणि 'भारनियमन' हा शब्द सर्वत्र रुळल्यामुळे 'भार'ही आता अपरिचित राहिलेला नाही. तो शब्द प्रथम परवान्याच्या छापील नमुन्यात घालावा आणि तेथे काही वर्षे टिकतो की नाही हे पाहावे. कारण सही करण्यापूर्वी तो नमुना मोठ्याने वाचला जातो, आणि वाचणाऱ्याला त्याच्या प्रत्येक शब्दाशी कर्तव्य असते.