एका एमएलमध्ये काय काय मावतं

बाटली बोटाच्या पेराएवढी. तळाला पांढुरकी, खडीसाखरेच्या तुकड्यासारखी एक वडी चिकटलेली. डॉक्टरांनी दुसऱ्या बाटलीतला द्रव सिरिंजमध्ये ओढला, पहिल्या बाटलीत सोडला आणि ती वडी डोळ्यांदेखत विरघळून गेली. बुंदीच्या मानेवरची कातडी चिमटीत उचलून त्यांनी सुई आत सरकवली. आमचं हे दोन महिन्यांचं गावठी पिल्लू तोवर टेबलावरचा बिस्किटाचा चुरा चाटत होतं. मग डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल नखाने सोलून कार्डावर चिकटवलं आणि म्हणाले, "तीन आठवड्यांनी परत आणा."

पावती अशी होती: तपासणी 400 रुपये, सेव्हन इन वन 900, जंताची गोळी 40. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी त्यांच्या लॅब्रेडॉरचं कार्ड दाखवलं. त्याच कंपनीची तीच लस, दुसरा दवाखाना, 1,400 रुपये. आमच्या सोसायटीचे वॉचमनमामा त्यांच्या काळ्याला गुरांच्या दवाखान्यात नेतात. तिथे रेबीजची लस नाममात्र पैशांत झाली होती. तिन्ही कार्डं मी जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. एवढा फरक कशाचा, हे शोधायला बसले आणि ते शोधता शोधता त्या बाटलीतच हरवून गेले.

फरकाचा उलगडा तसा लवकर होतो. तो बाटलीच्या बाहेर असतो: जागेचं भाडं, डॉक्टरांचा वेळ, मदतनीस, वीज गेली तरी चालणारा फ्रीज. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. ऊन लागलं तर वडीतले जिवंत विषाणू मरतात. रेबीजच्या लशीचं उलट दुखणं असतं, ती गोठली की तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांच्या गुठळ्या होतात आणि जोर जातो. बिघडल्या तरी दोन्ही लशी वरवर पाहता तशाच दिसतात. म्हणून दर विचारताना मी आता "लस कुठल्या फ्रीजमध्ये ठेवता, बघू का?" हेही विचारते, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग आलेला मी पाहिलेला नाही. स्वस्त की महाग, यापेक्षा ती बाटली कारखान्यापासून कुत्र्याच्या मानेपर्यंत गार राहिली का, हा प्रश्न मोठा आहे. सरकारी दवाखान्याची स्वस्त लस काही उणी नसते. परळच्या ज्या जनावरांच्या दवाखान्याला मुंबईकर आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, त्याच परिसरात 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. धर्मादाय आणि सरकारी पैशावर मुक्या जिवांवर उपचार करायची आपल्याकडची रीत इतकी जुनी आहे.

तिन्ही कार्डं पाहताना एक गोष्ट मात्र मला अडवून बसली. काकूंचा लॅब्रेडॉर आता 30 किलोंचा आहे, त्याला जंताच्या तीन गोळ्या लागतात, दर 10 किलोंना एक. बुंदीला पाव तुकडा पुरला. पण लस? दोघांनाही एक एमएल. ग्रेट डेनला एक, चिवावालाही एकच! गोळीला पोटातल्या जंतांपर्यंत पोचायचं असतं. अंग मोठं तर औषध जास्त. लस मात्र निरोप असते. या या चेहऱ्याचा शत्रू आला तर ओळखा, एवढंच ती शरीराच्या पहारेकऱ्यांना सांगते. निरोप ऐकणारा लहान आहे की मोठा, यावर निरोपाची लांबी ठरत नाही. पुढचं काम, म्हणजे कोट्यवधी प्रतिपिंडं बनवणं, कुत्रा स्वतःच करतो, आणि त्याचं बिल कुणी लावत नाही.

त्या 40 रुपयांच्या गोळीचीही गंमत आहे. मला वाटायचं, पिल्लं माती चाटतात म्हणून त्यांना जंत होतात. खरं तर ती बहुधा जंत घेऊनच जन्मतात. कुत्रीच्या स्नायूंमध्ये जंतांच्या अळ्या महिनोन् महिने निपचित पडून राहतात. ती गाभण राहिली की उत्तरार्धात त्या जाग्या होतात, वारेतून पार होऊन गर्भात शिरतात. म्हणूनच जंताचं औषध पिल्लू दोन आठवड्यांचं असतानाच सुरू करायचं. हे गोल जंत लहान मुलांनाही होऊ शकतात. पावतीवरची ही सगळ्यात छोटी रक्कम टाळू नये.

आता ती वडी. सेव्हन इन वन म्हणजे सात रोग, पण मोजायला गेलं तर जंतू सहाच निघतात. कुत्र्यांच्या काविळीच्या विषाणूची लस दिली, की काही कुत्र्यांचे डोळे निळसर धुरकट व्हायचे. मग त्याच्या जागी त्याच्याच एका चुलतभावाला, खोकला आणणाऱ्या सौम्य विषाणूला, लशीत घेतलं. त्याचा चेहरा इतका मिळताजुळता की शरीर एकाला पाहून दोघांना ओळखायला शिकतं. सोबतच्या द्रवात लेप्टोचे दोन मृत जीवाणू असतात. हा तोच लेप्टो, जो उंदरांच्या मुतातून पावसाच्या पाण्यात उतरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईकरांना त्याची ओळख फार महागात पडली.

वडीतल्या डिस्टेंपरच्या विषाणूमागे तर मासिकाच्या वाचकांची वर्गणी आहे. इंग्लंडमधल्या 'द फील्ड' या शिकारीच्या नियतकालिकाने 1923 साली कुत्र्यांच्या या आजारासाठी निधी उभा केला. त्या पैशांतून लंडनजवळच्या मिल हिल इथे पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांनी लस शोधली. संशोधनासाठी त्यांनी फेरेट नावाचे मुंगसासारखे लांबट प्राणी पाळले होते, कारण त्यांनाही डिस्टेंपर होतो. 1933 साली फ्लूची साथ असताना लेडलॉ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच फेरेटांवर प्रयोग केले आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथमच हाती लागला. कुत्र्यांसाठी लोकांनी काढलेली वर्गणी अशी फिरून माणसाच्या कामी आली.

आणि पार्व्हो? माझ्या आजोबांच्या तरुणपणी तो जगात नव्हताच. मांजरांच्या एका विषाणूच्या गोतावळ्यातून तो निघाला, 1978 मध्ये ओळखला गेला आणि दोन वर्षांच्या आत पृथ्वीवर सगळीकडे पसरला. इतका लहान की 40,000 विषाणू ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. फरशीवर, मातीत, चपलेच्या तळाला तो महिनोन् महिने तग धरतो. ब्लीचने मरतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. लस न दिलेल्या पिल्लाला तो झाला की रक्ताचे जुलाब, सलाइन, दिवसातून दोनदा दवाखान्याच्या फेऱ्या. तो खर्च हजारांत जातो आणि एवढं करूनही पिल्लू हाती लागेलच असं नाही.

मग तीच लस तीन-तीनदा का? खर्च तिथेच तिप्पट होतो, आणि "डॉक्टर पैसे काढतात" हा संशयही तिथूनच निघतो. मलाही तो आला होता. उत्तर मिळालं तेव्हा मी बुंदीकडे बघतच राहिले.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी जो चीक पितं, त्यातून आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात उतरतात. जणू माहेरची शिदोरी. जेमतेम एक दिवस आतड्याचं दार या प्रतिपिंडांसाठी उघडं असतं, मग बंद होतं. ही शिदोरी पिल्लाला सांभाळते, आणि तीच लशीलाही अडवते: लशीतला विषाणू आत आला की आईची प्रतिपिंडं त्याला गाठून संपवतात, निरोप पोचतच नाही. शिदोरी दर आठ-दहा दिवसांनी निम्मी होत जाते. पण कुणाची किती होती, हे आईवर आणि त्या पहिल्या दिवशी कोण किती प्यायलं यावर ठरतं. एकाच वेतातलं एक पिल्लू आठव्या आठवड्याला लशीला तयार होतं, दुसरं पंधराव्याला. वरून दोघं सारखीच दिसतात. मधे काही दिवस असे येतात की आईची शिदोरी आजाराला रोखण्याइतकी उरलेली नसते आणि लशीला अडवण्याइतकी मात्र असते. नेमके ते दिवस ओळखता येत नाहीत, म्हणून दर दोन-चार आठवड्यांनी दार ठोठावत राहायचं, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. तीनपैकी एक निरोप पोचला तरी पुरतो. कुठला, ते कळत नाही. बुंदीची आई आम्ही पाहिलेली नाही. बुंदी आमच्या गेटपाशी खोक्यात सापडली. पण तीन फेऱ्यांचं ते वेळापत्रक त्या न पाहिलेल्या आईच्या दुधाने ठरवलंय.

पहिलं वर्ष सरलं की मात्र पैसे वाचवायला जागा आहे, आणि ती डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. डिस्टेंपर, कावीळ, पार्व्हो यांची प्रतिकारशक्ती बरीच वर्षं टिकते. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या कुत्र्याला त्या लशी तीन वर्षांतून एकदाच पुरतात. लेप्टोची आठवण साधारण वर्षभरच राहते, ती दरवर्षी हवी. रेबीजचं वेळापत्रक लशीच्या लेबलावर आणि स्थानिक नियमांवर ठरतं. आपल्याकडे ती सहसा दरवर्षी देतात आणि त्यात काटकसर करू नये.

रेबीज. तिन्ही कार्डांवर हीच ओळ सगळ्यात स्वस्त. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू फक्त पाच जनुकांचा. कुत्र्याकडे त्याची जवळजवळ 20,000 जनुकं असतात, तरी ही पाच त्या कुत्र्याला पिसाळवतात. चावल्या जागेतून विषाणू मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्याच आतल्या रुळांवरून हळूहळू मेंदूकडे निघतो. हा प्रवास संथ असतो, म्हणून तर चावल्यानंतरही लस देऊन त्याला गाठता येतं. मेंदूत पोचून लक्षणं दिसली, की मग जवळजवळ कुणी वाचत नाही. 6 जुलै 1885 रोजी पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ मैस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली गेली, ती याच शर्यतीच्या भरवशावर. लस होती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूची. पुढे 1911 मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. आपल्या घरातली जुनी माणसं "पोटात चौदा इंजेक्शनं" म्हणून जिची दहशत सांगतात, ती हीच. भारतात ती 2004 च्या अखेरपर्यंत बनत होती.

आज दंडात चार-पाच सुया पुरतात. कातडीच्या आत थोडी थोडी लस टोचण्याची पद्धत 2006 पासून आल्यावर एका बाटलीत अनेक माणसं भागू लागली. तरी खोल जखमेत भरायचं प्रतिपिंडांचं औषध, बुडालेला रोज, दवाखान्याच्या खेपा, आणि घरच्यांच्या जिवाची घालमेल. हे सगळं एकीकडे, आणि कुत्र्याला वर्षातून एक सुई दुसरीकडे.

गोव्याने हा हिशेब करून दाखवला. 2014 पासून तिथे जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरत कुत्र्यांना लस दिली गेली, दरवर्षी, वाडीन् वाडी. दहातली सात कुत्री लसवंत झाली, आणि 2018 पासून पुढची काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस गेला नाही. 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. साथ थांबायला खरं तर निम्म्याहून कमीही चालली असती. सात लागतात, कारण वर्षभरात काही लसवंत कुत्री मरतात, नवी पिल्लं जन्मतात आणि प्रमाण पुन्हा घसरतं.

आमच्या गल्लीत अकरा कुत्री आहेत. वॉचमनमामांनी त्यांना नावानिशी मोजली. मागच्या रविवारी सोसायटीने घरटी 50 रुपये काढले, डॉक्टर स्वतः आले, मामांनी एकेकाला पोळी दाखवत धरलं, आणि आठांना सुई झाली. डॉक्टरांनी शीतपेटीतून बाटल्या काढल्या तेव्हा त्यांच्यावर दव धरलं होतं. तीन उरलीत. त्यातली पिवळी कुत्री कुणाच्याही हाताला लागत नाही, आणि मामा म्हणतात, ती पुन्हा गाभण आहे.