भाग 27 : गटार तुंबलं, आता कोणाला सांगायचं?



मागच्या भागात आपण पाण्याच्या मीटरबद्दल बोललो. त्यानंतर जो प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आला, तो पाणी घरात येण्याचा नव्हता, घरातून बाहेर जाण्याचा होता. "गटार तुंबलंय, फोन केला, कोणी येत नाही. काय करू?" हा प्रश्न नाशिकहून आला, इंदूरहून आला, बेळगावहून आला आणि मी राहते त्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातूनही आला. म्हणून आजचा भाग त्यावर. विषय जरा घाण आहे, जेवताना वाचत असाल तर पुस्तक बाजूला ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. तक्रार वासाची करू नका, जागेची करा. "आमच्याकडे फार वास येतो हो" असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला काम कळत नाही. कोणतं चेंबर, कोणत्या दोन घरांमध्ये, कशाचं पाणी, किती दिवस, हे सांगितलं की त्याला गाडी पाठवता येते. तेही झालं नाही, तर पुढे कागदावर भांडायला तुमच्याजवळ काहीतरी असतं.

आधी जागा शोधा

घरातलं एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबली असेल, तर दोष बहुतेक तिथल्याच ट्रॅपमध्ये आहे. प्लंबर बोलवा, कार्यालयाचा काही संबंध नाही. वरच्या मजल्यावर पाणी सोडलं आणि खालच्या न्हाणीत वर आलं, किंवा खालचा संडास भरून येऊ लागला, तर घराची मुख्य वाहिनी कुठेतरी पुढे अडली आहे.

आता कुंपणाजवळचं शेवटचं चेंबर बघा. ते कोरडं असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. ते काठोकाठ भरलं असेल, तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे. मग शेजाऱ्यांना विचारा. उताराच्या वरच्या बाजूचं चेंबर भरलेलं आणि खालच्या बाजूचं रिकामं असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मी तक्रार इथेच लिहून होते.

झाकण उघडताना मात्र काळजी घ्या. बाजूला उभे राहा, वर वाकू नका. जवळ काडी, बिडी, उदबत्ती काही नको, कारण आत मिथेन असू शकतो आणि तो पेटतो. दुसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. थोडा असला की सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. म्हणजे वास थांबला, आता धोका टळला, असं समजणारा माणूस सगळ्यांत मोठ्या धोक्यात असतो. बघून झालं की झाकण लगेच लावा. गल्लीत मुलं खेळतात.

नाली, टाकी की सीवर?

आमच्या बाजूला हा घोळ फार होतो. ब्राह्मणपारा, तात्यापारा, कंकालीपारा ही जुन्या रायपूरची वस्ती. अरुंद गल्ल्या, एकाला एक लागून घरं. अशा घरांत संडासाचं पाणी सेप्टिक टाकीत जातं, टाकीचं वरचं पाणी आणि मोरीचं पाणी दारापुढच्या नालीत. मग पावसाळ्यात नाली गाळाने भरली की टाकीचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि संडास तुंबतो. घरचे टाकी उपसून घेतात, पैसे देतात, चार दिवसांनी पुन्हा तेच. कारण टाकी ठीक होती, नाली जाम होती.

म्हणून तक्रार देताना तीन वेगवेगळे शब्द लक्षात ठेवा. उघडी नाली भरली असेल तर "नाली जाम". जमिनीखालची मैलावाहिनी अडली असेल तर "सीवर चोक". टाकी भरली असेल तर "सेप्टिक टँक ओव्हरफ्लो". तिन्हींना माणसं वेगळी, गाडी वेगळी. नालीतला गाळ काढणाऱ्या टोळीकडे सक्शन गाडी नसते.

काम कोणाचं?

साधारण नियम असा की घरापासून कुंपणाजवळच्या चेंबरपर्यंतचं काम घरमालकाचं. सोसायटी असेल तर आवारातल्या वाहिन्या सोसायटीच्या. रस्त्याखालची मुख्य वाहिनी, मॅनहोल आणि सार्वजनिक नाली स्थानिक संस्थेची. मधल्या जोडावरून वाद होतो, त्याचा नियम आपापल्या शहरात विचारून घ्या. जगातही हे एकसारखं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2011 पासून सामायिक वाहिन्या आणि हद्दीबाहेरचा बहुतेक भाग पाणी-मैला कंपन्यांकडे गेला. त्याआधी तिथेही घरमालक एकमेकांकडे बोट दाखवत बसायचे.

आपल्याकडे दार कोणतं ठोठवायचं ते शहरावर आहे. मुंबईत महापालिका, फोन 1916. दिल्लीत, बंगळुरूत आणि हैदराबादेत मात्र मैलावाहिनी जल बोर्डाकडे असते. तिथल्या मराठी मंडळींनी नगरपालिकेच्या खिडकीत दिवस घालवू नये. दिल्ली आणि बंगळुरूच्या जल बोर्डांचाही नंबर 1916 आहे, हैदराबादेत 155313. छत्तीसगडच्या शहरांत "निदान 1100" ही सेवा आहे. आणि शब्द सांभाळा. महाराष्ट्रात आपण नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिस म्हणतो, रायपूरला पार्षद आणि जोन कार्यालय. अर्जही हिंदीत लिहा, अधिकाऱ्याला लगेच कळेल अशा भाषेत.

तक्रार अशी लिहा

नमुना सांगते, नावं तुमची घाला.

"अमुक मंदिरामागच्या गल्लीत, घर क्रमांक अमुक आणि तमुक यांच्यामधलं चेंबर सोमवारपासून भरून वाहत आहे. वरच्या बाजूची तीन घरं तुंबली आहेत, खालच्या बाजूचं चेंबर रिकामं आहे. पाणी संडासाचं आहे. गल्ली सात फूट रुंद आहे, मोठी गाडी आत येणार नाही. लांब नळीची सक्शन किंवा जेटिंग गाडी पाठवावी. माणूस आत उतरवू नये."

गल्लीची रुंदी लिहायला लोक विसरतात. मग गाडी येते, तोंडाशी अडते, परत जाते, आणि तक्रारीवर शेरा पडतो "निराकरण झालं". फोटो काढताना चेंबरबरोबर एखादी ओळखीची खूण दिसू द्या. तीन घरांच्या सह्या घ्या. फोनवर दिली असेल तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा, कागदावर दिली असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेली तक्रार म्हणजे गप्पा.

"आम्ही उतरून काढतो"

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंकडे टाकी भरून अंगणात आली. घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा. दोन दिवस ते कुटुंब आमच्याकडे अंघोळीला येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण मुलं दारात उभी. म्हणाली, "गाडीची वाट कशाला बघता? पाचशे द्या, आम्ही उतरून काढतो." काकूंचा हात पर्सकडे गेला होता. मी तो धरला. काकू चिडल्या, आणि त्यांचं चिडणं मला समजत होतं. दुसऱ्या दिवशी गाडी आली, नळीला नळी जोडत आत नेली, अर्ध्या तासात टाकी रिकामी. चार दिवस हाल झाले, पण कोणाचा मुलगा त्या टाकीत गेला नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. 2013 च्या हाताने मैला सफाई प्रतिबंधक कायद्याचं कलम 7 सांगतं की सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत धोक्याच्या सफाईसाठी लावता येणार नाही. हे नगर निगमाला लागू आहे, ठेकेदाराला आहे आणि घरमालकालाही आहे. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातल्या मृत्यूसाठी 10 लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. पण दंड आणि भरपाई बाजूला ठेवा. रुमाल बांधून वायू थांबत नाही. पहिला आत बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. बातम्यांत म्हणून एका वेळी दोन-तीन नावं असतात. यंत्राने सफाईची मागणी करायला 14420 ही हेल्पलाइन आहे, तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तरीही कोणी आलं नाही तर

आठवडा गेला, तर पोच घेऊन जोन कार्यालयात जा, पार्षदांना एक प्रत द्या. मग माहितीचा अधिकार. 10 रुपयांत विचारा की या गल्लीतली नाली शेवटची कधी साफ झाली, काम कोणाला दिलं होतं, माझ्या तक्रारीवर काय कारवाई झाली. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अनेकदा उत्तराच्या आधी गाडी येते.

आणि "निधी नाही" असं उत्तर मिळालं, तर रतलामची आठवण करून द्या. रतलाम आणि रायपूर तेव्हा एकाच राज्यात, मध्य प्रदेशात होते. तिथल्या वॉर्ड 12 मधल्या न्यू रोडचे रहिवासी उघड्या गटारांना आणि साचलेल्या घाणीला कंटाळले आणि मॅजिस्ट्रेटकडे गेले. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचं कलम लावलं. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला योजना करायला सांगितलं. सत्र न्यायालयाने तो आदेश रद्द केला, उच्च न्यायालयाने परत आणला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणणं एकच, पैसा नाही. 29 जुलै 1980 रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैशाची अडचण हे कर्तव्य टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. कामाला एक वर्षाची मुदत घातली.

जुलै 2024 पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 152 क्रमांकाने आलं आहे. अर्ज एसडीएमकडे करता येतो. एका घराच्या आतल्या पाइपसाठी ते नाही. गल्लीभर घाण वाहत असेल, तर आहे. न्यू रोडच्या लोकांनीसुद्धा वासाची नाही, जागेची तक्रार केली होती : हा वॉर्ड, हा रस्ता, हे गटार.

पुन्हा तुंबू नये म्हणून

तेल-तूप मोरीत ओतू नका, आत गार होऊन थर धरतं. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स कागदात गुंडाळून कचऱ्यात. गच्चीचं पावसाचं पाणी मैल्याच्या वाहिनीत सोडू नका, एका सरीत ती भरते. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसून घ्या, भरून वाहायची वाट बघू नका. आणि तुंबलेल्या वाहिनीत ॲसिड ओतू नका. नंतर ते चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या हाता-तोंडावर ते उडतं.

आज एवढंच करा : आपल्या घराचं शेवटचं चेंबर कुठे आहे ते शोधा आणि त्याची जागा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. पुढच्या भागात बोलू घरपट्टीबद्दल, मागच्या वर्षीची पावती काढून ठेवा. नमस्कार.