छपराविना उभे सहा खांब

जपानमधल्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी शहर आहे. तिथल्या सान्नाई-मारुयामा या जागी बेसबॉलचे स्टेडियम बांधायचे होते, म्हणून १९९२ साली आधी उत्खनन सुरू झाले आणि प्रागैतिहासिक जोमोन काळातली एक मोठी वसाहत उजेडात आली. सुमारे ५,९०० ते ४,२०० वर्षांपूर्वी शिकार, मासेमारी, चेस्टनट आणि अक्रोड यांवर जगणारी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९९४ साली दोन ओळींत खणलेले सहा खड्डे सापडले. प्रत्येक सुमारे दोन मीटर रुंद, तेवढाच खोल, दोन खड्ड्यांमधले अंतर ४.२ मीटर, आणि तळाशी मीटरभर जाडीच्या चेस्टनटच्या खांबांचे बुंधे. त्याच वर्षी स्टेडियमचे काम थांबवण्यात आले. २००० साली या जागेला जपानच्या विशेष ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २०२१ साली उत्तर जपानमधल्या इतर जोमोन स्थळांबरोबर ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. जागा वाचली, पण जमिनीवर जिचे जवळजवळ काहीच उरलेले नाही अशी वसाहत लोकांना दाखवायची कशी? सान्नाई-मारुयामाने दिलेली उत्तरे तपासली की एक निकष हाती लागतो. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठून सुरू होतो, ही रेघ पाहणाऱ्याला जिथे स्पष्ट दिसते, तेच प्रदर्शन विश्वासार्ह असते.

या निकषाची सर्वांत कठीण परीक्षा त्या सहा खांबांनीच घेतली. खड्ड्यांवरून खांबांची जाडी आणि जागा कळते, वरती काय होते ते कळत नाही. कोणी तिथे छप्पर असलेली भव्य इमारत मानली, कोणी टेहळणीचा मनोरा, तर कोणी नुसतेच उभे केलेले विधीचे खांब. १९९६ मध्ये १४.७ मीटर उंचीची तीन मजली रचना उभी राहिली, पण तिच्यावर छप्पर घातलेले नाही. एवढ्या जाडीचे चेस्टनट रशियातून आणावे लागले. या रचनेवरचा आक्षेप रास्त आहे. मजले आहेत आणि छप्पर नाही, अशी वास्तू कोणत्याच पक्षाने सुचवली नव्हती. ही विद्वानांमधली तडजोड आहे, आणि आता तीच या स्थळाची ओळख होऊन बसली आहे. आक्षेप मान्य करूनही मी या रचनेच्या बाजूने आहे, कारण तिच्या जवळच घुमटाखाली मूळ खड्डे जतन करून ठेवले आहेत. पाहणारा एकाच फेरीत पुरावाही पाहतो आणि त्यावरून केलेले अनुमानही. मात्र छप्पर का नाही, हे माहितीफलकाने ठळकपणे सांगायलाच हवे. ते सांगितले नाही, तर तडजोडच इतिहास म्हणून खपते.

घरांच्या बाबतीत रचनाकारांना अधिक चांगला मार्ग सापडला. जमिनीत खोदलेल्या घरांची जमीन, चूल आणि खांबांचे खळगे सापडतात, छप्पर सापडत नाही. म्हणून इथल्या पुनर्रचित घरांपैकी काहींवर गवताचे, काहींवर सालींचे, तर काहींवर मातीचे छप्पर आहे. तिन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहिल्यावर फलक न वाचणाऱ्यालाही कळते की इथे निश्चित उत्तर नाही. काळाच्या बाबतीत मात्र अशी युक्ती साधलेली नाही. १,७०० वर्षांतल्या वेगवेगळ्या पिढ्यांची घरे, ३२ मीटर लांबीचे मोठे घर आणि सहा खांब एकाच मैदानात उभे आहेत. ते सगळे एकाच वेळी नांदत होते असा समज सहज होतो, आणि वसाहतीची लोकसंख्या काही डझन होती की काही शे, या वादात तो समज नकळत एका बाजूला झुकतो. ती उणीव काही प्रमाणात भरून निघते ती मातीच्या उंचवट्यांच्या उघड्या ठेवलेल्या छेदात. पिढ्यांनी टाकलेली माती आणि खापरे तिथे थरावर थर दिसतात. काळ डोळ्यांनी पाहता येतो.

संग्रहालयातल्या वस्तूही हीच शिस्त शिकवतात. सालींच्या पट्ट्या विणून केलेल्या चिमुकल्या पिशवीत अक्रोडाचे कवच सापडले. ही पिशवी आधी गवतासारख्या वनस्पतीची मानली जाई. पुढच्या तपासणीत ती सूचिपर्णी झाडाच्या सालीची निघाली. फलक बदलता येण्याजोगे असावेत, याला यापेक्षा चांगले कारण नाही. एका मोठ्या चपट्या मृण्मूर्तीचे डोके आणि धड एकमेकांपासून सुमारे ९० मीटरवर मिळाले. जोडलेली मूर्ती सुंदर दिसते, पण तिच्या मोडण्यामागे हेतू होता का हा प्रश्न त्या अंतरात आहे. ते अंतर सांगितले नाही, तर वस्तू राहते आणि पुरावा हरवतो.

यावर कोणी म्हणेल की सहलीला आलेल्या मुलांना शंका नको, चित्र हवे. प्रत्येक गोष्टीला ‘कदाचित’ जोडले तर कोण रमेल? चित्र हवेच, आणि पुनर्रचनेवाचून खळग्यांचा अर्थ लागणार नाही हेही खरे. पण वेगवेगळ्या छपरांची घरे पाहणारे मूल गोंधळत नाही, प्रश्न विचारू लागते: यातले खरे कोणते, आणि ते ठरवायचे कशावरून? पुरातत्त्वशास्त्र याच प्रश्नावर उभे आहे. उलट एकदा मनात पक्के बसलेले चुकीचे चित्र पुढचे कोणतेही संशोधन सहजी पुसू शकत नाही. म्हणून प्राचीन स्थळ दाखवणाऱ्याचे पहिले कर्तव्य मूळ पुरावा समोर ठेवण्याचे, आणि दुसरे, आपण त्यात काय भरले ते स्वच्छ सांगण्याचे. पुनर्रचनेची भव्यता त्यानंतर येते.