घंगाळातील पाणी आणि कृष्णविवर

मुलांनो, स्नानाच्या वेळी घंगाळातील कढत पाण्यात आपण विसण घालतो. थोड्याच वेळात सारे पाणी कोमट होते. त्या कोमट पाण्यातून कढत पाणी एका बाजूस व गार पाणी दुसऱ्या बाजूस आपोआप निराळे झालेले कोणी पाहिले आहे काय? वस्तुतः उष्णता तेवढीच आहे. नाहीसा झाला तो कढत आणि गार यांतील भेद. हा भेद मोठ्या मोलाचा. त्याच्याच बळावर वाफेचे यंत्र चालते. एका बाजूस ताप व दुसऱ्या बाजूस थंडावा नसेल, तर चाक फिरणार नाही.

या एकजीव होण्याच्या मापाला जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ साली 'एन्ट्रॉपी' असे नाव दिले. बाहेरची मदत नसेल, तर एन्ट्रॉपी घटत नाही, वाढत जाते. असे का व्हावे, हे ऑस्ट्रियाच्या लुडविग बोल्ट्झमन यांनी रेणूंच्या मांडणीवरून दाखविले. रेणूंनी मिसळून राहण्याच्या रीती अगणित. निवडल्यासारखे वेगळे बसण्याच्या रीती त्यामानाने नगण्य. तांदूळ व मूग एका डब्यात घालून कितीही हलवा, ते पुन्हा वेगळे होणार नाहीत. व्हिएन्ना येथील बोल्ट्झमन यांच्या समाधीवर हेच सूत्र कोरलेले आहे. शास्त्रज्ञाला याहून शोभणारे स्मारक मला तरी ठाऊक नाही.

आता घंगाळाच्या जागी विश्व घ्या. तारे तापलेले, अवकाश थंडगार. सूर्य आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे तळपेल, मग त्याचे इंधन सरेल. इतर ताऱ्यांचीही आज ना उद्या तीच गत. अखेर सर्व भेद मावळतील, असे भाकीत एकोणिसाव्या शतकातच करण्यात आले.

परंतु या नियमातून निसटण्याची एक वाट दिसत होती. प्रचंड तारा स्वतःच्या भाराने कोसळला, की त्याचे कृष्णविवर बनू शकते. त्यातून प्रकाशही बाहेर येत नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन व्हीलर यांनी आपले विद्यार्थी जेकब बेकनस्टाइन यांच्यापुढे एक कोडे टाकले. गरम व गार चहा एकत्र केला, तर एन्ट्रॉपी वाढते. पण तो चहा कृष्णविवरात टाकून दिला, तर तिचा मागमूस तरी कोठे उरला? बेकनस्टाइन यांनी १९७२ साली उत्तर दिले : कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असते, आणि त्याच्या सीमेचे क्षेत्रफळ वाढते तशी ती वाढते.

इंग्लंडच्या स्टीफन हॉकिंग यांना हे पटले नाही. ज्याला एन्ट्रॉपी त्याला तपमान, आणि ज्याला तपमान त्याने प्रारण टाकलेच पाहिजे. कृष्णविवर तर काहीच बाहेर टाकीत नाही! पण १९७४ साली त्यांच्याच गणिताने त्यांना निरुत्तर केले. कृष्णविवर अतिमंद प्रारण टाकते आणि झिजत जाते, असे त्या गणितातून निघाले. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर झिजून संपावयास एकावर सदुसष्ट शून्ये मांडावीत, त्याहूनही अधिक वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते अवघ्या अकरा आकड्यांत बसते.

हे प्रारण अद्याप कोणत्याही दुर्बिणीला दिसलेले नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, असे १९९८ साली आढळले. तो कशामुळे वाढतो, याचाही उलगडा झालेला नाही. तेव्हा अखेरचे भाकीत बदलूही शकेल. शिवाय अशा कृष्णविवरांची झीज अजून सुरूच झालेली नाही. त्यांच्या मानाने आजचे थंड अवकाशही ऊनच आहे. ती त्यापासून उष्णता घेत आहेत, आणि आकाश त्यांच्याहून गार होईपर्यंत घेतच राहतील.