बेवडा बेवड्याले काय सुधरवते?

वाशिमच्या पाटणी चौकात चहाला थांबलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. कुणाच्या तरी पोराच्या पिण्याचा विषय निघतो, एखादा म्हणतो, "त्याले मिटिंगले घेऊन जा," आणि दुसरा लगेच हसतो, "बेवडा बेवड्याले काय सुधरवते? डाक्टर पायजे, नाही तं चार फटके." मी आता चहा थंड होईस्तोवर भांडतो.

मिटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, एएची बैठक. तिची गोष्टच मुळी हसणाऱ्याच्या समजुतीच्या उलट आहे. १९३५चा मे महिना. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून पाचेक महिने झालेला. अमेरिकेतल्याच अक्रोन गावी कामाला गेला, सौदा फिसकटला. हॉटेलात एकटा, खिशात फार पैसे नाहीत आणि पलीकडे बार भरलेला. त्याने चर्चच्या लोकांना फोन लावून विचारलं, इथे कुणी माझ्यासारखा पिणारा आहे का? तो कुणाला सुधारायला निघाला नव्हता. आज आपण पिऊ नये, म्हणून त्याला बोलायला माणूस हवा होता.

भेटले ते डॉ. बॉब स्मिथ. शल्यविशारद! म्हणजे फटके सोडा, साक्षात डाक्टरच. वैद्यकीचं सगळं ज्ञान असूनही त्यांची दारू सुटलेली नव्हती. पाव तास बसतो म्हणून आलेला हा माणूस सहा तास बसला. नंतर एका वैद्यकीय परिषदेला गेला आणि पुन्हा पिऊन आला. त्यानंतर १० जूनला शेवटचा घोट घेतला. तोच दिवस एएचा स्थापना दिवस मानतात.

हे चालतं कसं? पिणारा बायकोशी खोटं बोलतो, सावकाराशी बोलतो, डॉक्टरशीही बोलतो. पण समोर बसलेल्याने स्वतःच कुटाराच्या ढिगात क्वार्टर लपवलेली असेल, तर थापा मारायच्या कुणाला? आणि सोयाबीनचे पैसे हातात आले की पाय कुठे वळतात, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

तरी पटत नसेल तर आकडे घ्या. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत ३५ टक्के. जादू नाही, पण टपरीवरच्या हसण्यापेक्षा भारी आहे. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाईंच्या देणगीतून उभं केलं. तिथले कितीतरी समुपदेशक एके काळी तिथेच रुग्ण म्हणून आलेले. चौकातल्या व्याख्येप्रमाणे तेही बेवडेच की!

आता डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याचे पहिले दिवस दवाखान्याच्या देखरेखीत काढावेत, पुढची वर्षं मिटिंगमध्ये. या दोन्हींत भांडण लावलंय ते आपण. मुळात मदतीपर्यंत पोचतं तरी कोण? दिल्लीच्या एम्सने २०१९ साली दिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

चौकात आणखीही काही वाक्यं ठरलेली असतात. "श्रावण पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही." महिनाभर थांबता येणं हा व्यसन नसल्याचा पुरावा नव्हे, पोळ्याच्या करीला काय होतं ते पाहा.

"पैसे काढतात." एएला फी नाही, बाहेरच्यांची देणगीही ते घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

"गावभर होईल." म्हणूनच तर नाव 'अनॉनिमस'. तरी लाज वाटत असेल तर परगावच्या बैठकीला जावं, ऑनलाइन बसावं. रस्ता विचारायला १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक आहे.

"एकदा घसरला म्हणजे गेला." बॉबचं काय झालं ते वर आलंच आहे.

"चहातून पुडी द्या, कळणारही नाही." हे मात्र कृपा करून करू नका. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध डॉक्टरने, रुग्णाला सांगून द्यायचं असतं.

आणि "तो यायला तयार नाही, मग मी जाऊन काय करू?" हे बायकांकडून ऐकतो तेव्हा भांडण सुचत नाही. बिलच्या बायकोने, लोइसने, १९५१ साली घरच्यांसाठीच अल-अनॉन सुरू केलं. मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. तिथे तिने एकटीने गेलं तरी चालतं. तो घरी पिऊन पडलेला असला, तरीही.