संसारोपयोगी तोफ

युद्धनौकेवरील तोफ ही कोणाच्याही घरच्या यादीत बसणारी वस्तू नव्हे. ती माजघरात मावत नाही, पाटावरवंट्याप्रमाणे लेकीला आंदण देता येत नाही, आणि चातुर्मासात दान करावी म्हटले तर ती उचलून नेणारे सत्पात्र मिळणे कठीण. असे असूनही मेहरूणच्या तलावाकाठी सायंकाळी फिरावयास जमणाऱ्या आम्हां पेन्शनर मंडळींत गेला पंधरवडाभर तिच्यावाचून दुसरा विषय नाही. याला कारण आमचा नातू. जपानच्या ‘यामाटो’ या युद्धनौकेची मापे त्याने कोठेसे वाचली, आणि “आजोबा, ही तोफ आपल्या तलावाकाठी ठेवली तर?” एवढे विचारून तो खेळावयास निघून गेला. प्रश्न आम्हांपाशी राहिला.

मापे ऐकण्यासारखी आहेत. यामाटोवर अशा नऊ तोफा होत्या. प्रत्येकीच्या नळीचे तोंड ४६ सेंटिमीटरांचे. एका गोळ्याचे वजन सुमारे १,४६० किलो, म्हणजे आपल्या खानदेशी हिशेबाने कापसाच्या साडेआठ गाठी. आणि पल्ला ४२ किलोमीटर. मेहरूणहून भुसावळ पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेर, तेव्हा ते सहज टप्प्यात येते. नेम थोडा लांबून गोळा वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यावर पडला तर पुढचा बार आपणांस भरावयास नको, असे टपालखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही म्हणाले. धुळे मात्र पल्ल्याबाहेर. तेथवर पोहोचावयाचे तर जर्मनांची ‘पॅरिस तोफ’ आणावी लागेल. मार्च १९१८ मध्ये सुमारे १२० किलोमीटरांवरून पॅरिसवर गोळे टाकणारी ही तोफ, आरमारी तोफेच्या नळीत दुसरी लांब नळी बसवून तयार केलेली होती आणि ती चालविणारेही आरमारी खलाशीच होते. प्रत्येक बाराबरोबर नळी आतून इतकी झिजे की पुढचा गोळा मागच्याहून किंचित जाड लागे. म्हणून गोळ्यांवर अनुक्रमांक घातलेले असत आणि हजेरीपटाप्रमाणे त्याच क्रमाने ते तोफेत जात. ही शिस्त आम्हांस तीस वर्षांत वर्गात आणता आली नाही.

रात्री पानावर बसल्यावर आम्ही हे सर्व रंगवून सांगितले. आमच्या सौभाग्यवती वाढता वाढता थांबल्या. “भुसावळला धाकट्या सूनबाईंचे माहेर आहे, आणि धुळ्याला वन्सं राहतात. गोळा कोणाच्या ओसरीत पडायचा, ते आधी ठरवा.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. कारण २९ मार्च १९१८ रोजी, गुड फ्रायडेच्या प्रार्थनेच्या वेळी, त्याच तोफेचा एक गोळा पॅरिसमधील सँ-जेर्व्हे या चर्चवर पडला आणि नव्वदांच्या आसपास माणसे छताखाली दगावली. चर्चवर कोणी नेम धरलेला नव्हता. इतक्या लांबून ‘शहर’ एवढाच नेम धरता येत असे.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या सभेत ठराव झाला की, यापुढे तोफेचा जो उपयोग सुचवावयाचा तो माणसांवर न पडणारा असावा. येथून खरी गंमत सुरू झाली. आम्ही जी जी थट्टा करावी, ती कोणीतरी पूर्वीच गांभीर्याने करून ठेवलेली निघे!

रावेरकडे केळीच्या बागा असलेले आमचे एक स्नेही म्हणाले, “मास्तर, तोफ गारपिटीच्या ढगांवर लावा.” हे ते थट्टेने म्हणाले खरे, पण गारांनी झोडलेली बाग ज्याने पाहिली आहे त्याच्या थट्टेतही थोडी आशा असते. युरोपात हे झालेले आहे. १८९६ मध्ये आल्बर्ट श्टीगर नावाच्या ऑस्ट्रियन द्राक्षबागाईतदाराने उखळी तोफांवर भले मोठे नरसाळे उभे करून ढगांवर बार काढले. त्या वर्षी गारा कमी पडल्या. तेवढ्यावर ऑस्ट्रिया-इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे दोन्ही सरकारांनी रीतसर परीक्षा घेतली. बार नेमाने झाले, गाराही नेमाने पडल्या, आणि १९०४ च्या सुमारास तो नाद सुटला. आमचे स्नेही हे ऐकून थोडे हिरमुसले. आम्ही सांगावयास नको होते असे वाटले.

एका वकीलसाहेबांचा आग्रह की आपल्या पूर्वजांपाशी तोफा होत्याच, कारण रामायणात शतघ्नी आहे. कौटिल्य शतघ्नीला चलयंत्रांत गणतो हे खरे. परंतु टीकाकार ती तटावर ठेवलेला खिळ्यांचा जाड खांब असे समजतात. दारूचा वास तेथे कोठे येत नाही. शिवाय ‘तोफ’ हा शब्दच तुर्की.

“मग सरळ आकाशात सोडा,” असे टपालवाले स्नेही म्हणाले. तेही झाले! जेराल्ड बुल या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकन आरमाराच्या १६ इंची तोफांच्या दोन नळ्या एकीपुढे एक जोडून, वातावरणाच्या शोधासाठी बार्बाडोस बेटावरून गोळे वर उडविले. आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये ॲरिझोनातील युमा येथील तशाच तोफेने १८० किलोमीटर उंची गाठली. शत्रू मारण्यासाठी घडविलेल्या नळीने वरच्या वाऱ्यांची दिशा मोजली, हा उपयोग आम्हांस सर्वांत सोज्ज्वळ वाटतो. परंतु बुलसाहेबांना मोह आवरला नाही. पुढे ते इराकसाठी प्रचंड तोफ बांधू लागले आणि मार्च १९९० मध्ये ब्रुसेल्स येथे त्यांचा खून झाला.

आपल्या ‘दिल्ली’ क्रूझरच्या सहा इंची तोफांच्या नशिबी तर नाटक आले. ही नौका पूर्वीची ‘अकिलीस’. डिसेंबर १९३९ मध्ये ती जर्मन ‘ग्राफ श्पे’शी लढली, १९४८ साली आपल्याकडे आली, आणि १९५६ च्या इंग्रजी चित्रपटात त्याच लढाईत तिने स्वतःचीच भूमिका केली.

आणि यामाटो? तिच्या मोठ्या तोफा शत्रूच्या नौकांवर एकदाच चालल्या, ऑक्टोबर १९४४ मध्ये. पुढे त्यांतून विमानांवरही खास गोळे सोडून पाहिले. म्हणजे डासांवर मुसळ. ७ एप्रिल १९४५ रोजी विमानांनीच ती बुडविली, आणि तिच्याबरोबर सुमारे तीन हजार खलाशी गेले. त्यांच्याही घरी कोणी पान वाढून वाट पाहत असेल.

तोंडाच्या मोठेपणात मात्र आपल्या मुलूखमैदानापुढे यामाटोनेही मान खाली घालावी. विजापूरच्या या तोफेचे तोंड दोन फुटांहून रुंद आणि वजन सुमारे ५५ टन मानतात. १५४९ मध्ये अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या ठासल्याचे फेरिस्ता लिहितो. दक्षिणा देण्याची ही रीत अन्यत्र ऐकिवात नाही. तीनशे वर्षांनंतर, १८५४ मध्ये, कंपनी सरकारने विजापूरच्या निरुपयोगी तोफा लिलावात काढल्या, तेव्हा मुलूखमैदानास सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! आम्ही वाळूवर काठीने हिशेब केला. मणाला जेमतेम दीड आण्याहून काही पै वर. त्या भावाने फुटकी घागरसुद्धा घरची मंडळी मोडीत घालू देणार नाहीत. साताऱ्याच्या असिस्टंट कमिशनरासही भाव कमी वाटला, शिवाय त्या तोफेविषयी लोकांचा पूज्यभाव त्याला ठाऊक होता. त्याने विक्री होऊ दिली नाही. तोफ आजही बुरुजावर आहे, आणि टिचकी मारली तर घंटेसारखी वाजते म्हणतात.

टपालवाल्या स्नेह्यांचा आता दिवाळीनंतर विजापुरास जाण्याचा बेत आहे. दीडशेची बोली अजून चालेल का, एवढेच त्यांना तेथे विचारावयाचे आहे.